पेटीतली हवा

सिगार म्हणजे पानांचा गुंडाळा. आत सारणाची पाने, ती आवळून धरणारे एक पान आणि सगळ्यांवर नितळ, निवडक असे वेष्टनाचे पान. ही सगळी पाने हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात. भोवतालच्या हवेत ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते २१ अंश सेल्सिअस तापमान असले की पाने लवचीक राहतात आणि सिगार सावकाश, सारखा जळतो. हवा कोरडी पडली की आधी वरचे पान आकसते आणि तडकते. ओल वाढली की सारण फुगते, वेष्टन उसवते, बुरशी धरते. विडीचे याच्या उलट. सिन्नरला किंवा गोंदियाला विडी वळून झाली की ती भट्टीवर शेकून कोरडी करतात, आणि मग ती खिशात, कानावर, कुठेही राहते. सिगार नेताना त्याच्याबरोबर त्याच्या गावची हवाही न्यावी लागते. त्याच्या व्यापारातली पेटी, नळी, कातडी डबी ही सगळी साधने या एका अडचणीतून निघाली.

नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसने क्यूबाच्या अंतर्भागात दोन माणसे पाठवली, रॉड्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोरेस. हातात धुमसती गुंडाळी घेऊन चालणारे तिथले मूळ रहिवासी ताइनो लोक युरोपीय डोळ्यांनी पाहिल्याची पहिली नोंद त्यांच्या नावावर आहे. बेटावरच ओढायचा असेल तर तंबाखूला फार जपावे लागत नव्हते, कारण हवाच दमट. क्यूबातले शेतकरी वाळवलेल्या तंबाखूचे गठ्ठे राजताडाच्या पानाच्या बुडाशी असलेल्या रुंद आवरणात बांधत. कोकणातल्या पोफळीच्या विरीसारखीच ही वस्तू: फुकट मिळणारी, चिवट, आणि आतली ओल आत ठेवणारी. तंबाखूचे असे गठ्ठे क्यूबात अजूनही बांधले जातात.

समुद्रापार मात्र पहिली दोन-अडीचशे वर्षे गेली ती मुख्यतः पाने. तयार सिगार मोडतो, पान मोडले तरी चालते. कोरडे पडलेले पान पाणी शिंपडून पुन्हा मऊ करता येते, पण वळलेला सिगार असा भिजवता येत नाही. म्हणून अठराव्या शतकात स्पेनने सेव्हिलला राजवाड्याएवढा कारखाना बांधला आणि क्यूबाच्या पानांचे सिगार तिथे वळले जाऊ लागले. १७१७ मध्ये स्पेनच्या राजाने क्यूबाचा तंबाखू सरकारी मक्तेदारीखाली आणला आणि शंभर वर्षांनी, १८१७ मध्ये, ही मक्तेदारी उठली. तेव्हापासून हवानातले कारखानदार आपले तयार सिगार थेट परदेशी पाठवू लागले, आणि मग आठवडे चालणाऱ्या सागरप्रवासात ते कसे टिकवायचे हा प्रश्न त्यांच्या गळ्यात पडला.

सुरुवातीचे उपाय ओबडधोबड होते. सिगारांच्या जुड्या बांधून मोठ्या खोक्यांत भरत. काही जुड्या डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत घालत आणि वास मरावा म्हणून आत व्हॅनिलाची शेंग टाकत, असे सांगतात. ओलावा राखायला ही पिशवी खरोखरच चांगली, पण गिऱ्हाइकापुढे ठेवायला नाही. पुढे आली ती लाकडी पेटी. हर्मान उपमान या जर्मन सावकाराने १८४४ मध्ये हवानात सिगारचा धंदा सुरू केला. आपला छाप मारलेल्या बंद पेट्यांतून माल पाठवण्याच्या प्रथेचे श्रेय व्यापारात त्यालाच दिले जाते.

या पेटीचे लाकूड नीट पाहण्यासारखे आहे. त्याला स्पॅनिश सीडार म्हणतात, पण तो ना स्पेनचा, ना देवदाराच्या जातीचा. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सेड्रेला ओडोराटा. तो मध्य अमेरिकेतला आणि कॅरिबियन बेटांवरचा वृक्ष, महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातला. भारतातला तून हा त्याचा इतका जवळचा भाऊबंद की पूर्वी त्यालाही सेड्रेलाच म्हणत. लाकूड हलके, पातळ फळ्या सहज निघणारे, वासाने गोडसर. मुख्य गुण असा की ते स्वतः ओलावा पिते आणि हवा कोरडी पडली की हळूहळू परत देते. म्हणजे बाहेर एका दिवसात हवा पालटली तरी पेटीच्या आत तो बदल पोचायला वेळ लागतो. नवी कोरडी पेटी यामुळेच धोक्याची: सिगार भरले की ती आधी त्यांचाच ओलावा पिते. लाकडाच्या वासाने कीड येत नाही हा जुना समज मात्र अर्धामुर्धाच खरा आहे. तंबाखूतला किडा त्या वासाला फारसा भीत नाही.

या किड्याचे शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा, तांदळातल्या पोरकिड्याहून मोठा नाही. मादी पानावर अंडी घालते आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. थंडाव्यात अंडी गप्प असतात. पंचविशीच्या पुढे पारा गेला की त्यांतून अळ्या निघतात आणि सारणातून बोगदे करत वेष्टनाला टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून बाहेर येतात. जहाजाच्या तळघरात दमटपणा पुरेसा, त्यामुळे सिगार सुकण्याची भीती तिथे कमी. उष्ण कटिबंधातून जाणाऱ्या तळघरातली ऊब ही खरी भीती होती. एक भोक पडलेली पेटी शेजारच्या दहा पेट्यांना बाधते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून क्यूबा आपला माल निर्यातीआधी गोठवून घेतो, त्यामागचे कारण हाच किडा आहे.

पेटी रुळल्यावर ती कर वसूल करणाऱ्यांच्याही सोयीची झाली. अमेरिकेने यादवी युद्धाच्या काळात सिगारवर कर बसवला आणि ठरावीक नगांच्या पेट्या व त्यांवर सरकारी पट्टी सक्तीची केली. क्यूबाच्या पेटीवर हमीची पट्टी १८८९ पासून आली. झाकणाच्या आत रंगीत शिळाछापाची चित्रे आली, आणि प्रवासासाठी बनवलेले खोके बैठकीत मिरवू लागले. भारतात २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सूचनेने व्यापलेला असतो, त्यामुळे इथे त्या चित्रकलेला जागा उरलेली नाही. त्याबद्दल हळहळ करण्याचे कारणही नाही.

सिगारचा हिंदुस्थानी भाऊ चिरूट. मराठीत हा शब्द इतका घरचा झाला आहे की तो मूळचा तमिळ आहे हे ध्यानात येत नाही. तमिळमध्ये सुरुट्टु म्हणजे गुंडाळी. त्यावरून पोर्तुगीज शारुतु, त्यावरून इंग्रजी शेरूट. तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनेत रुजला होता. विजापूरला तो पाहून मोगल दूत असद बेगने सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबराच्या दरबारात नेला. वळलेल्या चिरुटासाठी नाव झाले ते तिरुचिरापल्लीचे, म्हणजे तेव्हाच्या त्रिचनापल्लीचे, आणि दिंडिगलचे. हे काळपट, तिखट, दोन्ही टोकांना उघडे चिरूट गोऱ्या साहेबांत इतके चालत की कॉनन डॉयलने १८८७ मधल्या पहिल्याच शेरलॉक होम्स कथेत तपासाचा धागा त्रिचनापल्ली चिरुटाच्या राखेतून काढला. मद्रासच्या स्पेन्सर कंपनीने दिंडिगलला कारखाना घालून हा माल दूरवर पाठवला.

हिंदुस्थानात पेटीपुढचा प्रश्न क्यूबापेक्षा अवघड होता, कारण इथे एकाच प्रवासात हवा पार बदलते. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर असते, उघडी पेटी आठवड्यात बुरशीने पांढुरकी होते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि किनाऱ्यावरचा माल काही तासांत देशावर पोचू लागला. एप्रिल-मेच्या दुपारी तिथे हीच आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. मुंबईला बोटांमध्ये दाबल्यावर मऊ लागणारा चिरूट अशा हवेत उघडा राहिला तर दोन-तीन दिवसांत पापडासारखा कुरकुरतो. उपाय होता तो पत्र्याचे अस्तर लावलेल्या बंद पेटीचा, जसा चहाच्या पेटीला शिशाच्या पत्र्याचा असे. लाकूड हवा सावकाश बदलू देते, पत्रा बदलूच देत नाही. दूरच्या प्रवासाला पत्रा बरा, रोज उघडायच्या पेटीला लाकूड.

पेटीतून खिशात आलेल्या सिगारची कथा वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या स्टोबवासर कारखान्याच्या, कागदी लगद्याच्या आणि वर लाखकाम केलेल्या चपट्या डब्या युरोपभर गाजल्या. पुढे प्रत्येक सिगारला बोटासारखा वेगळा कप्पा असलेल्या कातडी डब्या आल्या. या डब्या ओलावा राखत नाहीत, सिगार चेपण्यापासून वाचवतात. एका दिवसाच्या प्रवासाला तेवढे पुरते. इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्या आरंभी धूम्रपानाला मनाई करत. १८६८ च्या कायद्याने धूम्रपानाचे वेगळे डबे सक्तीचे झाले आणि रेल्वेप्रवासातली खिशातली डबी राजरोस झाली.

डबी नसेल तर कागद. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १३ सप्टेंबर १८६२ रोजी, मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावाजवळच्या कुरणात २७ व्या इंडियाना पलटणीतल्या बार्टन मिचेल या कॉर्पोरलला गवतात एक लिफाफा सापडला. आत तीन सिगार होते, आणि ते चुरगळू नयेत म्हणून एका कागदात गुंडाळले होते. तो कागद म्हणजे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा ९ सप्टेंबरचा, १९१ क्रमांकाचा विशेष हुकूम. आपले सैन्य फोडून कुठली तुकडी कुठे जाईल, ते सगळे त्यात लिहिलेले. चार दिवसांपूर्वीचा हुकूम कुणी तरी सिगारच्या वेष्टनाला वापरला होता. कागद वरिष्ठांमार्फत उत्तरेचा सेनापती मॅकक्लेलनपर्यंत गेला. चार दिवसांनी अँटिटमची लढाई झाली. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २३ हजार माणसे एका दिवसात खर्ची पडली. अमेरिकेच्या इतिहासात इतका रक्तरंजित दिवस दुसरा नाही. तिन्ही सिगार मात्र कागदात शाबूत होते.

मोटार आली तेव्हा सिगारवाल्यांपुढचा पहिला प्रश्न वाऱ्याचा होता. त्या काळच्या उघड्या गाड्यांत काडी पेटत नसे. लंडनच्या आल्फ्रेड डनहिलने १८९३ मध्ये वडिलांचा घोड्यांच्या सरंजामाचा धंदा हाती घेतला आणि गाड्या दिसू लागल्यावर तो मोटारीच्या सामानाकडे वळवला: कोट, चष्मे, भोंगे, दिवे. १९०४ मध्ये त्याने पुढे वाऱ्याला आडोसा असलेला पाइप काढला आणि १९०७ मध्ये ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान थाटले. घोड्यांचा सरंजाम विकणारे घराणे मोटारीमार्गे सिगारच्या व्यापारात आले ते असे. १९२० च्या दशकात गाड्यांत विजेवर तापणारी, हाताने काढून पेटवायची कळ बसू लागली आणि आडोशाची गरज संपली.

बंद काचांच्या गाडीत वाऱ्याची जागा उन्हाने घेतली. बाहेर तापमान सुखाचे असले तरी उन्हात उभ्या बंद गाडीतला पारा तासाभरात वीसेक अंशांनी चढतो आणि त्यातला बहुतेक भाग पहिल्या अर्ध्या तासातच. पुण्यात मार्चच्या ३५ अंशांत उभी गाडी पन्नाशी ओलांडते. या उष्णतेने हवेची सापेक्ष आर्द्रता कोसळते, वेष्टन तडकते, पानातली सुवासिक तेले उडतात, आणि अंडी असतील तर तीही जागी होतात. गाडीतली वातानुकूलित हवाही सिगारला मानवत नाही, कारण ती कोरडी असते. डॅशबोर्डचा कप्पा, मागची डिकी आणि काचेजवळचा कोनाडा या तिन्ही जागा उभ्या गाडीत वाईट. सामानासोबत खाली उतरवलेली पेटी बरी.

आजची प्रवासी पेटी लाकडी नाही. कडक प्लास्टिकचे कवच, झाकणाच्या कडेला रबराची कडी, आत कोरलेला स्पंज आणि एक छोटी पुडी. ही पुडी जुन्या रसायनशास्त्रावर चालते: बंद जागेत मिठाचे संपृक्त द्रावण ठेवले की तिथली आर्द्रता ठरावीक अंकावर स्थिर होते. साध्या खाण्याच्या मिठाचा हा अंक सुमारे ७५ टक्के, इतर क्षारांचे वेगवेगळे. पुडी जास्तीची ओल ओढून घेते, कमी पडली तर सोडते. आर्द्रतामापक तपासायलाही याच मिठाचा उपयोग होतो: बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घ्यावे, मापकासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवावे, सकाळी काटा पंचाहत्तरवर हवा. विमानात तर ही पेटी लागतेच, कारण प्रवाशांच्या कक्षातली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. सुकलेला सिगार परत ओलावायचा असेल तर घाई करू नये. आधी कमी आर्द्रतेत, मग हळूहळू वाढवत, काही आठवडे. आतले सारण एकदम फुगले तर वेष्टन फाटते, आणि उडालेला सुवास परत येत नाही.

गाडीतली ती तापणारी कळ आता बहुतेक ठिकाणी नाही. तिची खाच उरली आहे, सुमारे २१ मिलिमीटर व्यासाची. मापांच्या कागदपत्रांत तिला अजून सिगार पेटवण्याचीच खाच म्हणतात. तिच्यातून आज मोबाइल चार्ज होतो, आणि वस्तू थंड ठेवणारी बारा व्होल्टची प्रवासी पेटीही चालते.