कतारगामची कबर आणि आघाडा

सुरत म्हटले की मराठी मनाला जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० आठवतात. शिवछत्रपतींच्या त्या दोन स्वाऱ्यांचा इतिहास आपल्या घराघरांतून सांगितला जातो. कतारगाम येथील डच दफनभूमीतील एका भव्य कबरीचा इतिहास मात्र आपण क्वचितच सांगतो. वास्तविक त्या इतिहासाचा एक धागा आपल्या कुंपणाच्या कडेला उगवणाऱ्या आघाड्यापर्यंत येऊन पोचतो.

ही कबर हेन्द्रिक फान रेडे या डच अधिकाऱ्याची. मलबारच्या वनस्पतींवर त्याने सिद्ध करविलेला ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. सुरतेकडे येत असता १५ डिसेंबर १६९१ रोजी जहाजावरच त्याचे निधन झाले आणि त्याचा देह सुरतेत आणून पुरण्यात आला.

या ग्रंथासाठी माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोचीचे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांचे १६७५ सालचे कोकणी निवेदन पहिल्या खंडात देवनागरी लिपीत छापलेले आहे. गोव्याकडून दक्षिणेत जाऊन वसलेल्या समाजातील या विद्वानांनी नव्या भूमीतील झाडाझुडपांची नावे आपल्या भाषेत सांभाळली. त्याच ग्रंथाच्या दहाव्या खंडात आघाड्याचे चित्र आहे.

आघाड्याला तण ठरविणे ही अलीकडची रीत. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात अपामार्गाला उद्देशून सूक्ते आहेत; दोष पुसून टाकणारी वनस्पती म्हणून तेथे त्याची प्रार्थना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच ‘अपामार्गतण्डुलीय’ असे आहे. संस्कृत नावांतून तर पूर्वजांचे निरीक्षण दिसते. तुरा खरखरीत, म्हणून खरमंजरी. फुले उलटी वळून दांड्याला चिकटतात, म्हणून प्रत्यक्पुष्पी. त्या काटेरी आवरणामुळेच फळे जनावरांच्या केसांना आणि वाटसरूच्या वस्त्राला चिकटून दूरवर जातात. परमुलखात रुजण्याची ही कला आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या वंशजांना परकी वाटू नये.

श्रावणात जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ, गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत त्याचे पान, ऋषिपंचमीला दंतधावनासाठी त्याची काडी, नवग्रहांच्या होमात बुधाची समिधा, असा त्याचा आपल्या घरांतील मान आहे. वैद्यकातील मानही संपलेला नाही. त्याच्या राखेपासून केलेला क्षार, निवडुंगाचा चीक आणि हळद यांची पुटे दिलेला धागा म्हणजे क्षारसूत्र. भगंदरावरील ही जुनी चिकित्सा काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी १९६० च्या दशकात पुन्हा प्रचारात आणली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षारसूत्राने बरे होण्यास शस्त्रक्रियेपेक्षा अधिक काळ लागला. पण वर्षभरात व्याधी उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के आढळले. अर्थात हे तज्ज्ञांचे काम. क्षार दाहक असतो, घरगुती प्रयोगाचा तो विषय नव्हे.

पिकात शिरलेला आघाडा शेतकऱ्याला उपटावाच लागतो, त्याबद्दल आमचे म्हणणे नाही. आमची खंत निराळी आहे. पत्रीची जुडी आता बाजारातून येते आणि तिच्यातील आघाडा कोणता, हे सांगणारी माणसे घरोघरी कमी होत आहेत. गुजरातीत त्याला ‘अघेडो’ म्हणतात. इतके जवळचे नाव शेजाऱ्यांच्या तोंडी असताना आपल्या पुढील पिढीने ते विसरावे, हे बरे नव्हे. पावसाळ्यात तापीकाठच्या मोकळ्या जागी तो मुबलक उगवतो. येत्या भाद्रपदात मुलांना तेथे न्यावे, तुरा हाताने उलट फिरवून त्याचा खरखरीतपणा जाणवू द्यावा आणि दोन्ही नावे सांगावीत. कोचीच्या त्या तिघांनी आपल्या भाषेसाठी जे केले, त्यातले एवढे तरी आपल्याला साधण्याजोगे आहे.