कादंबरीने दोषी ठरवलेला मुलगा : ‘यंग गार्ड’ आणि सोव्हिएत युद्धस्मृती (थ्रेड)

डोनेत्स खोऱ्यातील क्रास्नोदोन हे खाणकामगारांचे गाव. जुलै १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात ते जर्मनांच्या ताब्यात होते. तेथील कोवळ्या वयाच्या मुलामुलींनी ‘यंग गार्ड’ ही गुप्त संघटना उभारली. त्यांनी पत्रके वाटली, ७ नोव्हेंबरच्या क्रांतिदिनी लाल निशाणे फडकवली आणि डिसेंबरात मजूर-नोंदणीची कचेरी जाळली. जर्मनीत सक्तीच्या मजुरीसाठी धाडायच्या लोकांच्या याद्या त्याच कचेरीत होत्या.

जानेवारीत धरपकड झाली. अनन्वित छळानंतर बहुतेकांना खाणीच्या खोल विवरात लोटण्यात आले. इथवरचा वृत्तांत खरा आहे, आणि कल्पनेची जोड नसतानाही तो पुरेसा भीषण आहे.

सप्टेंबर १९४३ मध्ये पाच जणांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मरणोत्तर मिळाला. त्याच सुमारास युवक संघटना कोमसोमोलने अलेक्सांद्र फदेयेव यांच्याकडे कादंबरीचे काम सोपवले. ते क्रास्नोदोनला गेले आणि ओलेग कोशेवोयच्या आईकडे राहिले. १९४५ मध्ये कादंबरी आली, पुढच्या वर्षी तिला स्टालिन पारितोषिकही मिळाले.

मात्र १९४७ च्या अखेरीस ‘प्रावदा’ने आक्षेप घेतला : पक्षाचे नेतृत्व कुठे आहे? फदेयेव यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. १९५१ च्या आवृत्तीत अनुभवी पक्षकार्यकर्ते मुलांना दिशा दाखवताना दिसतात. मृत मुलांना पक्षाचे मार्गदर्शन लाभले ते असे, आठ वर्षांनी.

हा फेरफार निदान उघड होता. दुसरा अधिक घातक ठरला. कादंबरीत बहुतेक पात्रांची नावे खरी आहेत. छळापुढे मोडून सहकाऱ्यांची नावे सांगणारा स्ताखोविच मात्र कल्पित. आजूबाजूला सारी खरी माणसे असताना वाचक त्या एका कल्पित नावामागेही खरा माणूस शोधणारच. तो त्यांना व्हिक्तोर त्रेत्याकेविचमध्ये सापडला.

त्रेत्याकेविच हा संघटनेच्या म्होरक्यांपैकी एक. जानेवारी १९४३ मध्ये त्यालाही विवरात फेकण्यात आले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तो फितूर झाल्याचा आरोप कुलेशोव नावाच्या पोलीस तपासनिसाच्या जबानीवर उभा होता, म्हणजे छळ करणाऱ्यांपैकीच एकाच्या शब्दावर! संघटनेतील काही वाचलेल्यांच्या मते ‘कमिसार’ हे पद त्रेत्याकेविचकडे होते. कादंबरीत ते कोशेवोयकडे आहे. स्ताखोविच हे कोणा एकाचे चित्रण नाही, असे फदेयेव सांगत राहिले. पण खरा त्रेत्याकेविच पुस्तकात नसताना त्या खुलाशावर कोण विश्वास ठेवणार? पाठोपाठ १९४८ मध्ये सेर्गेई गेरासिमोव यांचा चित्रपट आला आणि कल्पित फितुराला चेहराही मिळाला.

१९५९ मध्ये क्रास्नोदोनच्या पोलीस दलातील पोदतीन्नी हा अधिकारी पकडला गेला. त्याच्या जबानीतून त्रेत्याकेविच निर्दोष असल्याचे पुढे आले, चौकशी आयोगानेही तसाच निर्वाळा दिला. १९६० मध्ये त्याला मरणोत्तर पदक देण्यात आले. चित्रपटाची पुढे काटछाट झाली.

कादंबरी सुधारण्यास मात्र फदेयेव उरले नव्हते. मे १९५६ मध्ये त्यांनी आत्महत्या केली होती. त्यानंतरही ती शाळांतून शिकवली जात राहिली, स्ताखोविचसकट.