वीस दिवसांचे प्रशिक्षण आणि एक तास : भाषाशिक्षणातील एका शोधाचा इतिहास

१/१२
शिक्षकांना प्रशिक्षण दिले की मुले वाचू लागतात, हे गृहीतक आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुने आहे. मोठ्या प्रमाणावर आणि प्रयोगाच्या कसोटीवर त्याची तपासणी झाली ती मात्र एकविसाव्या शतकात. या तपासणीची सुरुवात मुंबईच्या वस्त्यांत झाली. तिचे एक उत्तर हरियाणातील सरकारी शाळांत सापडले.

२/१२
आधी पार्श्वभूमी. १८५४च्या वूडच्या खलित्यात शिक्षक घडवणाऱ्या शाळांची शिफारस होती. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. २००१ साली सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला २० दिवसांपर्यंतच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची तरतूद होती. नोंद ठेवली जाई ती प्रामुख्याने दिवसांची आणि उपस्थितीची.

३/१२
मुलांचे काय झाले? २००५पासून ‘असर’ या पाहणीने गावोगावी जाऊन एक साधा कागद मुलांपुढे धरला. त्यावर अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. पहिल्या काही पाहण्यांतच दिसले, की ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्टही वाचता येत नाही.

४/१२
ही पाहणी घडवून आणणारी ‘प्रथम’ संस्था १९९५च्या सुमारास मुंबईत सुरू झाली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतील शिकलेल्या तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूल्यमापन केले. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार, हे यदृच्छेने ठरवले गेले, म्हणून तुलना निर्दोष राहिली. मुलांचे गुण वाढले, आणि मागे पडलेल्यांचे सर्वाधिक वाढले.

५/१२
यामागचे तत्त्व सरळ होते. पाठ्यपुस्तक इयत्तेप्रमाणे पुढे सरकते, पण चौथीच्या एकाच वर्गात अक्षरांशी अडखळणारे मूल आणि गोष्ट सहज वाचणारे मूल शेजारी बसलेले असते. इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट करायचे. एका गटाला बाराखडीचा तक्ता, दुसऱ्याला शब्दखेळ, तिसऱ्याला गोष्टीचे प्रकट वाचन. मूल पुढे गेले की त्याचा गट बदलायचा.

६/१२
बालसख्यांना जे जमले, ते सरकारी शिक्षकांना जमेल का? कोट्यवधी मुले त्यांच्याच हाती होती. २००८मध्ये बिहार आणि उत्तराखंडमध्ये याचा शोध सुरू झाला. शाळांचे गट पाडले. काहींना केवळ साहित्य, काहींना साहित्य व शिक्षक-प्रशिक्षण, काहींना त्याखेरीज स्वयंसेवकही, आणि काहींना यांपैकी काहीच नाही.

७/१२
त्याआधी, जून २००८मध्ये, बिहारमध्ये महिन्याभराची उन्हाळी शिबिरे झाली. शिकवणारे होते सरकारी शाळांचेच शिक्षक. प्रशिक्षण तेच, पद्धत तीच. इतक्या अल्पावधीतही मुलांच्या वाचनात मोजण्याजोगी वाढ झाली. सरकारी शिक्षकांना ही पद्धत पेलणार नाही, ही शंका तिथेच निकालात निघाली.

८/१२
मग शाळेचे वर्ष सुरू झाले आणि चित्र पालटले. दोन्ही राज्यांत ‘साहित्य व प्रशिक्षण’ मिळालेल्या शाळांतील मुले इतर शाळांच्या पुढे गेली नाहीत. बिहारमध्ये स्वयंसेवकांची जोड मिळालेल्या शाळांत तेवढा फरक पडला. उत्तराखंडमध्ये मात्र स्वयंसेवक नेहमीच्या अध्यापनातच सामावले गेले आणि तिथे तोही फरक दिसला नाही.

९/१२
जूनमध्ये जे साधले, ते वर्षभरात का साधू नये? शिबिरात इयत्ता नव्हती, अभ्यासक्रम पुरा करण्याचे दडपण नव्हते. शाळा भरताच दोन्ही परत आले. नवे साहित्य वर्गात पोहोचले, पण पातळीनुसार गट क्वचितच झाले. शिक्षकाने नवे ज्ञान वापरावे अशी जागाच वेळापत्रकात नव्हती. दोष शिक्षकाच्या कुवतीचा नव्हता.

१०/१२
हा धडा घेऊन २०१२-१३मध्ये हरियाणात रचना बदलली. रोज एक तास केवळ हिंदीच्या या पद्धतीसाठी राखला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता सोडून पातळीनुसार बसत. सर्वांत महत्त्वाचा बदल पर्यवेक्षकांबाबत होता. शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना या पद्धतीने शिकवले. त्यानंतरच त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मग वर्गावर येऊन साहाय्य केले.

११/१२
या वेळी सरकारी शिक्षकांच्याच हातून, नेहमीच्या शाळेत, हिंदीचे गुण वाढले. त्या तासात गणित शिकवले जात नव्हते आणि गणितात फरकही पडला नाही. याच अभ्यासात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही परीक्षा झाली. शिक्षणहक्क कायद्यानंतर त्याचेही प्रशिक्षण शिक्षकांना मिळाले होते, तरी मुलांच्या संपादणुकीवर त्याचा परिणाम आढळला नाही. देखरेखीची अशी साखळी जिथे दुबळी होती त्या उत्तर प्रदेशात वेगळा मार्ग निवडला गेला. तिथे ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी शाळांतच थोड्या-थोड्या दिवसांची वाचन-शिबिरे घेतली आणि त्यांचा लाभ मोठा ठरला.

१२/१२
२०१९मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि या प्रयोगपद्धतीचा बोलबाला झाला. २०२१मध्ये पायाभूत साक्षरतेसाठी ‘निपुण भारत’ अभियानही सुरू झाले, म्हणजे प्रशिक्षणे पुढेही होत राहतील. प्रशिक्षणाची बातमी वाचताना आपण तीन प्रश्न विचारावेत. शिकलेले वापरायला वेळापत्रकात तास ठेवला आहे का? शिकवणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः ते मुलांवर करून पाहिले आहे का? आणि शेवटी मोजणार काय, शिक्षकांची उपस्थिती की मुलांचे वाचन?