पायाशीं पाय

दोन मतें अगदीं परस्परविरुद्ध असलीं म्हणजे इंग्रजींत त्यांना ‘अँटिपोडीज’ म्हणण्याचा प्रघात आहे. मूळ ग्रीक शब्दांत विरोध मुळींच नाहीं. ज्यांचे तळपाय आपल्या तळपायांसमोर येतात ते, एवढाच त्याचा अर्थ. प्लेटोनें ‘तिमेअस’मध्यें तो योजिला, तोहि गोलाभोंवतीं फिरणाऱ्यास एकच जागा कधीं वर, कधीं खालीं वाटेल हें दाखविण्यासाठीं.

भांडण पुढें आलें तें धर्मामुळें. पांचव्या शतकांत सेंट ऑगस्टीननें असे लोक असणें नाकारलें. पृथ्वी गोल मानली तरी अफाट सागर ओलांडून आदमाचे वंशज तेथें पोंचले कसे, आणि आदमाचे नसतील तर तीं माणसें कोणाचीं, हा खरा पेंच! इ. स. ७४८ मध्यें साल्झबर्गच्या व्हर्जिलियसवर याच मताचा संशय येऊन पोप झकारियसनें त्याचें धर्मपद काढून घेण्याची भाषा केली.

आमच्या भास्कराचार्यांस, सुदैवानें, असला पेंच नव्हता. ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) त्यांनीं नदीतीरावरील माणसाच्या पाण्यांतील प्रतिबिंबाचा दाखला दिला आहे : ते लोक आपणांस उफराटे भासतात खरे, पण आपण येथें जसे स्वस्थ उभे, तसेच ते तेथें.