अहीर मासा आणि समुद्राचें जाळें

खडकी हें नांव उच्चारतांच महाराष्ट्रांतील माणसाला ५ नोव्हेंबर १८१७ हा दिवस आठवतो. त्या दिवशीं दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांची गांठ पडली, संगमावरील रेसिडेन्सी जळाली, आणि रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आपले ग्रंथ व कागदपत्र मागें टाकून खडकीच्या फौजेला येऊन मिळाला. मराठी राज्याच्या अखेरीची ही कथा अनेकांनीं अनेक परींनीं सांगितली आहे. परंतु त्या लढाईंत कंपनीच्या बाजूनें विल्यम हेन्री साइक्स नांवाचा एक अधिकारी लढत होता, आणि त्याच्या हातून पुढें जें काम झालें तें इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं.

लढाई संपली, राज्य बदललें, आणि नव्या धन्याला आपल्या मिळकतीची मोजदाद हवीशी झाली. १८२४ सालीं मुंबई सरकारनें साइक्सची नेमणूक आंकडेवारी गोळा करण्याच्या कामावर केली. गांवें, माणसें, जमिनी, पिकें, पाऊस, हें सारें तो मोजीत हिंडला; आणि मूळचा जिज्ञासू असल्यानें पक्षी व मासेही त्यानें टिपून ठेविले. १८३१ सालीं तो स्वदेशीं परतला. पुढें १८३९ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कार्यवृत्तांत दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध आला. मुळा, मुठा, इंद्रायणी, भीमा या नद्यांतील चाळिसांहून अधिक मासे त्यांत वर्णिले आहेत. त्याची एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी होती. लॅटिन नांवें देतांना कोळ्यांच्या तोंडचे शब्द त्यानें टाकून दिले नाहींत. ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘शिंगाळा’, ‘नुक्ता’ हे शब्द अशा रीतीनें जगाच्या शास्त्रीय कोशांत गेले व तेथेंच राहिले.

कांहीं माशांच्या बाबतींत मात्र त्यानें ही रीत सोडली. सापासारखा लांब, निसरडा, रात्रीं संचार करणारा जो अहीर, त्याला त्यानें आपल्या वरिष्ठाचें, म्हणजे एल्फिन्स्टनचें नांव दिलें. धन्याचें नांव माशाला देणें ही थोडी खुशामतच खरी. आणि ती टिकलीही नाहीं. याच माशाचें वर्णन जॉन एडवर्ड ग्रे यानें १८३१ सालींच केलेलें असल्यामुळें, आधीचें नांव ग्राह्य या नियमानें तो आज ‘अँग्विला बेंगालेन्सिस’ म्हणून ओळखला जातो.

साइक्सची यादी ही शिरगणती होती. शिरगणतींत घरांत माणसें किती हें कळतें. कोण कोणाच्या आधारावर जगतो हें कळत नाहीं. अहिराच्या बाबतींत ही उणीव फार मोठी ठरते, कारण हा मासा नदींत वाढत असला तरी नदींत जन्मत नाहीं. त्याची वीण समुद्रांत होते. सुमात्रा बेटाच्या पश्चिमेचा खोल समुद्र हें तिचें स्थान असावें, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. अंड्यांतून निघालेलें पिलूं पानासारखें चपटें व पारदर्शक असतें. मृत जीवांचे जे सूक्ष्म कण पाण्यांतून खालीं झरत असतात त्यांवर तें जगतें आणि प्रवाहाबरोबर किनाऱ्याकडे येतें. तेथें त्याचें रूप पालटतें, आणि बोटभर लांबीचा तो कांचेसारखा जीव नदीच्या मुखांत शिरून वर चढूं लागतो. दख्खनच्या अहिराची वाट बंगालच्या उपसागरांतून कृष्णेंत, कृष्णेंतून भीमेंत आणि भीमेंतून मुळा-मुठेंत अशी होती. वर आल्यावर वर्षानुवर्षें खेकडे, बेडूक व लहान मासे खाऊन तो पुष्ट होतो, आणि शेवटीं एखाद्या पावसाळ्याच्या पुराबरोबर पुन्हां समुद्राकडे निघतो. वीण झाली कीं त्याचें आयुष्य संपतें. समुद्राच्या व नदीच्या अन्नजाळ्यांतील धागे हा एकच प्राणी असा गुंफतो. खडकीपासून बंगालचा उपसागर शेंकडों कोस दूर असला तरी मुळेंतला खेकडा आणि त्या समुद्रांतले कण एकाच हिशेबांत येतात.

जीवांचे हे परस्परसंबंध मोजतां येतात, हें ध्यानांत यावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें, आणि त्याला निमित्त झालें तें एक महायुद्ध. उंबेर्तो डांकोना या इटालियन प्राणिशास्त्रज्ञानें एड्रियाटिक समुद्रावरील बंदरांच्या मासळीबाजाराचे आंकडे तपासले. फियुमे बंदरांत मुशी, पाकट यांसारख्या शिकारी माशांचें प्रमाण १९१४ सालीं शेंकडा सुमारें १२ होतें, तें १९१८ सालीं शेंकडा सुमारें ३६ झालें. युद्धामुळें मासेमारी मंदावली होती. मग सर्वच मासे सारखे न वाढतां शिकारीच अधिक कां वाढले? डांकोनानें हें कोडें आपले सासरे, गणिती व्हितो व्होल्तेर्रा यांच्यापुढें ठेविलें, आणि १९२६ सालीं त्यांनीं भक्ष्य व भक्षक यांच्या संख्येचीं समीकरणें मांडलीं. दोघांनाही सारख्याच प्रमाणांत पकडलें तर सरासरीनें भक्ष्य वाढतें व भक्षक घटतो. पकडणें थांबलें कीं उलट घडतें. हाच डांकोना पुढें अहिराच्या युरोपीय भाऊबंदांचाही नामांकित अभ्यासक झाला.

त्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यानें एक सोपा पण चिकाटीचा प्रयोग केला. एका खडकाळ पट्ट्यावरचे तारामासे तो वेंचून समुद्रांत फेंकीत राहिला. तारामासा हा तेथला शिकारी. तो गेल्यावर इतरांना सुख व्हावें अशी कोणाचीही अपेक्षा असेल. झालें उलटेंच. शिंपल्यांनीं सगळी जागा व्यापली, आणि १९६६ च्या त्याच्या निबंधाप्रमाणें पंधरा जातींच्या ठिकाणीं आठच उरल्या. म्हणजे यादींतलीं सर्व नांवें सारख्या वजनाचीं नसतात. कोणतें नांव कमानीच्या माथ्यावरचा दगड आहे, हें तो काढून पाहिल्यावांचून ओळखणें कठीण, आणि काढून पाहणें तर महागाचें.

कृष्णेच्या खोऱ्यांत तो प्रयोग कोणीं मुद्दाम केला नाहीं. तो आपोआप घडला. साइक्सनें अहीर पाहिला तेव्हां समुद्रापासून पुण्यापर्यंतच्या त्याच्या वाटेंत मोठें धरण नव्हतें. १८५५ च्या सुमारास बेझवाड्याला कृष्णेवर बंधारा झाला. त्याच्या जागीं १९५७ सालीं प्रकाशम् बंधारा आला. १९६७ सालीं नागार्जुनसागर, ऐंशीच्या सुमारास श्रीशैलम्, आणि भीमेवर १९८० सालीं उजनी. अहिराचें पिलूं ओल्या खडकावरून सरपटत चढूं शकतें. बुटका बंधारा त्याला अडवीत नाहीं. पण नागार्जुनसागरची भिंत सुमारें १२४ मीटर उंच आहे. शिवाय चढणें जमलें तरी उतरण्याचा प्रश्न राहतोच, कारण परतीच्या वाटेवर वीजघरांचीं चक्रें फिरत असतात आणि लांब शरीराच्या या माशाला त्यांतून सुखरूप पार होणें दुरापास्त असतें. या भिंतींनीं शेतें भिजलीं, शहरांना पाणी व वीज मिळाली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र ज्या मुळेच्या काठीं खडकी वसली आहे तिचें पाणीही आतां सांडपाण्यानें व जलपर्णीनें असें झालें आहे कीं, वर पोंचलेल्या माशालाही तेथें श्वास घेणें जड जावें. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत हा अहीर धोक्याच्या उंबरठ्यावरील जातींत नोंदला गेला आहे.

युरोपांत अहिराच्या भाऊबंदांची दशा याहून बिकट झाली, तेव्हां युरोपीय संघानें २००७ सालीं एक नियम केला. मानवी हस्तक्षेप नसता तर जितके प्रौढ मासे समुद्राला पोंचले असते, त्यांच्या वजनाच्या निदान शेंकडा ४० इतके तरी पोंचले पाहिजेत, असें ध्येय त्यानें सभासद राष्ट्रांपुढें ठेविलें. या नियमांत माशांची डोकीं मोजावयाची नसून नदी व समुद्र यांमधील एक धागा मोजावयाचा आहे, हें त्याचें वेगळेपण. त्यासाठीं बंधाऱ्यांच्या कडेला खरखरीत, ओल्या उतरणी बांधतात. चक्रांच्या तोंडाशीं जाळ्या बसवितात. कांहीं ठिकाणीं मासे उतरण्याच्या हंगामांत रात्रीं चक्रें बंद ठेवितात.

कृष्णेचें पाणीही मोजलें गेलें आहे. बच्छावत लवादानें १९७३ सालीं २०६० अब्ज घनफूट पाण्याची वांटणी केली: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८००. ज्या नदीच्या काठीं साइक्स लढला तिचें पाणीही महाराष्ट्राच्या त्या ५६० मध्यें येतें.