वसंतांतील आमची वाडी आणि बावखल

ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तकांत मंदिराचा व धर्मगुरूंचा इतिहास यावा हें योग्यच आहे. परंतु ज्या मातीनें आमच्या पूर्वजांस पोसलें, तिचाही वृत्तांत चार ओळींत नोंदून ठेवावा असें आम्हांस वाटतें.

वसईंत पाऊस मृगापासून हस्तापर्यंत. पुढें आठ महिने आकाश कोरडें. म्हणून फाल्गुन-चैत्रांत परसांत जो भाजीपाला होतो, तो मनुष्यानें घातलेल्या पाण्यावरच होतो. आंब्यास कैऱ्या धरूं लागल्या, कीं वाफ्यांत भेंडी, गवार व लाल माठ आणि मांडवावर दुधी, पडवळ व कारलें, हा आमच्या घरांचा जुना क्रम. उपवासकाळांत मांस वर्ज्य असे, तेव्हां याच भाज्यांनीं ताटास आधार दिला.

१५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई पोर्तुगीजांस तहानें दिली आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. राज्यें आलीं नि गेलीं. परंतु पोर्तुगीज गलबतांतून अमेरिकेचीं जीं रोपें या किनाऱ्यास लागलीं, तीं मात्र गेलीं नाहींत. मिरची, पपई, अननस, काजू हीं सर्व त्याच वाटेनें आलीं. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच. त्यापूर्वीं तिखटासाठीं आमच्याकडे मिरी होती, मिरची नव्हती. आज तिच्यावांचून आमचें एकही कालवण होत नाहीं! पाहुणा असा घरचा होऊन बसला.

परंतु बीं कोठूनही येवो, पाणी येथलेंच लागतें. आणि तें आमच्या वाडवडिलांनीं बावखलांत राखलें. बावखल म्हणजे वाडींत खणलेलें गोड्या पाण्याचें तळें. पावसाळ्याचें पाणी त्यांत सांठे व हळूहळू जमिनींत मुरे. रहाटास बैल जुंपला, कीं गाडगीं पाटांत ओतीत आणि पाट वाफ्यावाफ्यांतून फिरे. १८६७ सालीं विरारहून मुंबईस आगगाडी जाऊं लागली, तेव्हां घरापुरती असलेली भाजी शहराच्या बाजाराची वाट चालूं लागली.

पुढें रहाटाची जागा पंपानें घेतली. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें समुद्राकांठच्या भूमींत तें खाऱ्यावर तरंगतें. शास्त्रज्ञांचा हिशेब असा, कीं गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून १ फूट उंच असल्यास तिच्या खालीं सुमारें ४० फूट गोडें पाणी टिकतें. वरचें तें एक फूट आम्हीं उपसलें, कीं खालून ४० फूट खारें पाणी चढूं पाहतें. रहाट बैलाच्या बळाइतकेंच काढी. पंपास तशी मर्यादा नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत टँकर भरभरून वसईचें पाणी विकलें जाऊं लागलें, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं येथील लोक ‘हरित वसई’च्या नांवानें उठले. फादर २०२४ सालीं दिवंगत झाले. परंतु त्यांचें कार्य संपलेलें नाहीं.

पुष्कळ बावखलें आज बुजलीं आहेत. तीं केवळ परक्यांनीं बुजविलीं असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. जागेस मोल आलें, तेव्हां आमच्याही हातांनीं भराव घातला. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती, कीं ज्याच्या वाडींत बावखल उरलें असेल, त्यानें वैशाखांत त्याचा गाळ काढावा व मृगाच्या पाण्यास वाट मोकळी ठेवावी. पुढल्या ज्युबिलीस आमचीं नातवंडें जमतील, तेव्हां त्यांच्या परसांतही वसंतांत दुधीचा वेल मांडवावर चढलेला असावा.