संमति आणि शिक्षण

डहाणू-जव्हाराकडची वारली स्त्री किंवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतला परप्रांतीय मजूर यांच्यापुढें रुग्णालयांत छापील कागद ठेवून आंगठा उमटवून घेतला, तर ती संमति म्हणावी काय? या प्रश्नामागें मोठा इतिहास आहे.

१८९७ च्या प्लेगांत पुण्यास रँडसाहेबाच्या हुकमानें सोजिरांनीं घरें तपासलीं. हेतु रोगनिवारणाचा, पण न विचारतां केलेलें हितहि लोकांस जुलूमच वाटलें. पुढें २००८ सालीं, रोगी स्त्री बेशुद्ध असतां आईची संमति घेऊन गर्भाशय काढल्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, तपासणीची संमति शस्त्रक्रियेस पुरत नाहीं. उपाय, पर्याय व धोके रोग्यास आधीं सांगितले पाहिजेत.

कायदा असा स्पष्ट झाला. पण सांगावें कसें, हें शिकविणार कोण? २०१९ पासून देशाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति व संभाषण यांस स्थान मिळालें. त्या शिक्षणाची कसोटी पालघरासारख्या बहुभाषी जिल्ह्यांतच लागावयाची. रोग्यास कळेल अशा बोलींत पर्याय मांडून त्याचें उत्तर धीरानें ऐकणें, हाहि वैद्यकविद्येचाच भाग आहे.